लग्नाची खतावणी

बँकेत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कुठलाही व्यवहार दिसला की ‘ह्याचे व्हाउचर कुठे आहे?’ हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. देवळाच्या दानपेटीत दहाची नोट टाकली तरी माझा हात क्षणभर पावतीसाठी पसरलेला राहतो, आणि मागचा भाविक मला तीर्थ घेणारा समजून पुढे ढकलतो. असा माणूस लग्नाला गेला तर काय पाहील? बाकीची मंडळी नवरी पाहतात, नवऱ्याकडच्या गाड्या मोजतात, पंगतीत जिलबी आहे की नुसतीच बुंदी, ह्याची चौकशी करतात. मी पाहतो ते असे, की दोन घराणी, एक घोडा, दोन बँड, सातशे पाने आणि जन्मभराची देणीघेणी असा एवढा मोठा व्यवहार उभ्याउभ्या मूठभर तांदळांवर पुरा होतो. सही नाही, शिक्का नाही, साक्षीदारांची नावे नाहीत. वीस हजारांचे पीककर्ज द्यायचे तर आम्ही शेतकऱ्याच्या इतक्या सह्या घेतो की शेवटच्या सहीपर्यंत पेरणी उलटून जाते. आणि इथे गुरुजी ‘सावधान’ म्हणतात आणि लोक टाळ्या वाजवून जेवायला पळतात!

ही झाली आपली रीत. साहेबाची रीत वेगळी होती. इंग्लंडात १५३८ साली टॉमस क्रॉमवेल नावाच्या मंत्र्याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने एक वही ठेवावी आणि तीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन ह्यांच्या नोंदी दर आठवड्याला कराव्यात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. आपण तलाठ्याचा सजा म्हणतो ना, तसे समजा. राजा होता आठवा हेन्री. ज्या गृहस्थाने पुढेमागे मिळून सहा लग्ने केली, त्याच्याच राजवटीत लग्नाची वही निघावी, हे मला फार सयुक्तिक वाटते. आकडा मोठा झाला की माणसाला खाते उघडावेच लागते.

पण त्या हुकुमातले मला आवडलेले कलम दुसरेच आहे. ही वही पेटीत ठेवायची, पेटीला दोन कुलपे, आणि किल्ल्या पाद्री आणि चर्चचे पंच ह्यांच्यात वाटलेल्या. म्हणजे एकट्याने कोणी वही उघडायची नाही! आमच्या शाखेच्या तिजोरीची अगदी हीच तऱ्हा आहे. एक किल्ली मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोघांचे भांडण झाले की शाखेचे कामकाज दहा ऐवजी साडेअकराला सुरू होते. ही पद्धत कोणा वाकबगार बँकवाल्याने काढली असावी, असे मी इतकी वर्षे समजत होतो. आता कळले, की नोटा सांभाळायच्या आधी माणसांनी लग्ने अशी सांभाळली होती.

लोकांना मात्र तेव्हा संशय आला. सरकार आपली लग्ने उगीच कशाला मोजील? नक्कीच कर बसवणार! इंग्लंडात तशी आवई उठली होती, आणि ती खोटी ठरली. आपल्याकडे आवई उठवायची गरजच नव्हती. मराठेशाहीत लग्नावर खरोखरच कर होता. ‘लग्नटका’ त्याचे नाव. विधवेने पाट लावला तर ‘पाटदाम’ वेगळा. म्हैसपट्टी, बकरेपट्टी, आणि त्यांच्याच रांगेत लग्नटका! तेव्हा आपल्याकडे लग्ने सरकारदप्तरी लिहिलीच जात नव्हती असे नाही. ती जमाखर्चाच्या बाजूने लिहिली जात. नवरा कोण, नवरी कोण ह्यापेक्षा रुपया आला का, ह्याकडे दप्तरदाराचे लक्ष. कॉमर्सचा पदवीधर ह्या नात्याने मला ह्यात गैर काही दिसत नाही. खर्चाचा आकडा ज्याचा त्याने घरी लिहावा.

इंग्लंडात पुढे १७५३ साली लॉर्ड हार्डविकचा कायदा आला आणि १७५४ च्या मार्चपासून छापील रकान्यांच्या वह्या सुरू झाल्या. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकारा करायचा: अमुक अविवाहित आणि अमुक कुमारिका ह्यांचे लग्न ठरले आहे, कोणाची हरकत असेल तर बोला. ह्या पुकाऱ्याशी आपल्या ‘सावधान’ची तुलना करून पाहावी. तिथे समाजाला विचारतात की बाबांनो, ह्या लग्नाने तुमचे काही बिघडत नाही ना? आपल्याकडे गुरुजी थेट नवऱ्यालाच इशारा देतात, तोही अंतरपाट खाली यायला अर्धा मिनिट राहिलेले असताना.

लग्न लागले की वहीत नवरा, नवरी, पाद्री आणि दोन साक्षीदार ह्यांच्या सह्या. लिहिता न येणाऱ्याने फुली मारायची. समुद्रकाठच्या पॅरिशांत तर फुल्यांना तोटा नव्हता; नवऱ्याच्या नावापुढे ‘खलाशी’ नाहीतर ‘कोळी’, आणि खाली हाताने मारलेली वाकडी फुली. पुढे इतिहासकारांनी काय करावे? त्यांनी ह्या फुल्या मोजल्या! अठराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात लिहिता येणारे किती, ह्याचा हिशेब लग्नाच्या वह्यांवरून निघाला. ढोबळमानाने दहा नवऱ्यांतले सहा आणि दहा नवऱ्यांतल्या (म्हणजे नवऱ्या मुलींतल्या, मराठीने इथे फारच घोटाळा करून ठेवला आहे) चाराच्या आत सही करणाऱ्या. बिचाऱ्यांना वाटले असेल की आपण लग्न करतो आहोत. प्रत्यक्षात ते परीक्षेला बसले होते.

आपल्याकडच्या जुन्या कागदांत फुली नाही, ‘निशाणी’ आहे, आणि ती पाहून मला तरी अभिमान वाटतो. कुणब्याने सहीऐवजी नांगर काढायचा, शिपाईगड्याने कट्यार, बाईने बांगडी. ‘निशाणी नांगर’, ‘निशाणी बांगडी’. फुलीवरून माणसाला लिहिता येत नाही एवढेच कळते. नांगरावरून निदान तो काय करतो, हे तरी समजते. अंगठ्याच्या शाईने सगळे एकसारखे करून टाकले. आमच्या काउंटरवर आजही अंगठे येतात. त्यांतला नांगर कुठला आणि बांगडी कुठली, हे मला ओळखता येत नाही.

असो. आता हिंगोलीकडे वळतो. नाहीतर गाववाले म्हणतील, पगार इथला आणि गप्पा लंडनच्या.

आमच्या हिंगोलीला समुद्र नाही. कयाधू आहे, पण तीत खलाशी ठेवायची सोय नाही. तरीही इंग्रज इथे आला, राहिला, आणि त्याने लग्नेही केली. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज होती, हैदराबाद कंटिंजंट. तिच्या मोठ्या छावण्यांपैकी एक हिंगोलीची. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी लष्करात मुरली आणि छावणी उठली, पण नावे उठली नाहीत. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. नवा पोस्टमन आला की पहिले काही दिवस तो युद्धावर आल्यासारखा फिरतो. मला स्वतःला पेन्शनपुरा हे नाव फार आवडते. एखाद्या गावाने पेन्शनीच्या नावाने अख्खी वस्ती वसवावी, ह्याहून नोकरदार माणसाचा मोठा सन्मान तो कोणता?

तर अशा छावणीत लग्न लागले की लष्कराच्या पाद्र्याने ते वहीत लिहायचे. पाद्री हजर नसेल तर कमांडिंग ऑफिसरच प्रार्थना वाचून मोकळा होई. सकाळी कवायत, दुपारी कोर्ट, संध्याकाळी शुभमंगल. ह्या नोंदींच्या नकला इलाख्याच्या मुख्य ठिकाणी पाठवायच्या. हैदराबादकडच्या छावण्यांच्या नकला मद्रासला जात, आणि मद्रासहून नकलेची नक्कल लंडनला. आमची तिमाही विवरणपत्रे शाखेतून विभागीय कार्यालयात आणि तिथून मुख्य कार्यालयात जातात, तशी. फरक एवढाच, की आमची विवरणपत्रे तिथे कोणी वाचत नाही, आणि ह्या नकला लोक आजही वाचतात. बंगाल, मद्रास, मुंबई अशा तीन इलाख्यांचे ते गठ्ठे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबईचे अठराव्या शतकाच्या आरंभापासूनचे, मद्रासचे त्याच्याही आधीचे. साहेबाच्या स्पेलिंगात हिंगोलीच्या शेवटी दोन ‘ई’ आहेत. बहुधा उन्हाळ्यातला उसासा असावा.

म्हणजे बघा. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हिंगोलीच्या छावणीत बोहल्यावर उभ्या राहिलेल्या एखाद्या साहेबाचे लग्न शोधायचे तर त्याचा पणतू लंडनात जाऊन गठ्ठा मागू शकतो. त्याच वर्षी, त्याच गावात, तिथून अर्ध्या कोसावर माझ्या पणजोबांचे लग्न झाले. त्याची नोंद कुठे?

ह्या वह्यांत लिहिलेले सगळेच गोड नाही. कामठी, सिकंदराबाद अशा ठिकाणी गोऱ्या शिपायांच्या पलटणी होत्या. तिथे शिपाई लढाईपेक्षा पटकीने जास्त मरत. नवरा गेला की त्याच्या बायकोला सरकारी शिधा मिळे तो मोजके महिने. पुढे काय खायचे? परतीचे जहाज परवडायचे नाही. तेव्हा ती त्याच पलटणीतला दुसरा शिपाई पाही. तारखा एकाखाली एक ठेवल्या की काळजात चर्र होते. दफनाच्या वहीत नवरा, आणि काही आठवड्यांनी लग्नाच्या वहीत तीच बाई, नावापुढे ‘विधवा’, आणि वय विशीच्या आतबाहेर. आपल्याकडे त्याच काळात वरच्या जातींत विधवेला दुसरे लग्न करू देत नव्हते. तिथे तिला केल्यावाचून गत्यंतर नव्हते. दोन्हीकडे तिला कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. त्याआधी सतराव्या शतकात तर कंपनी सरकारने लग्नाळू मुलीच इंग्लंडाहून मुंबईला जहाजाने पाठवल्या होत्या, वर्षभराचे कपडे आणि खाणेपिणे देऊन. वर्षाच्या आत खपल्या पाहिजेत, असा हिशेब. माल पाठवायची सवय असलेल्या कंपनीकडून दुसरे काय होणार!

आणि देशी बायकांचे काय? ज्यांनी गोऱ्यांशी घरोबा केला त्या बहुतेक ह्या वह्यांत नाहीतच, आणि ज्या आहेत त्या कित्येकदा नुसत्या बाप्तिस्म्याच्या नावाने. बापाचे नाव नाही, आडनाव नाही. ह्याचे एक मोठे उदाहरण हैदराबादचे, आणि ते एका बँकवाल्याचे असल्यामुळे मी ते टाळू शकत नाही. जनरल विल्यम पामर हा १७९८ ते १८०१ पुण्याच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याची बायको फैजबक्ष नावाची बेगम. हे काही चर्चमध्ये लागलेले लग्न नव्हे. पण १७८५ च्या सुमाराचे त्या कुटुंबाचे एक तैलचित्र आहे. साहेब, बेगम, मांडीवर मुले, सगळे ऐटीत बसलेले. आजच्या विवाह नोंदणी कार्यालयात ‘लग्नाचा एक फोटो’ मागतात. पामर तेवढी एक अट तरी पुरी करू शकला असता.

त्यांचा मुलगा, हाही विल्यमच, ह्याने हैदराबादेत पेढी काढली. पामर आणि कंपनी. निजाम सरकारला कर्ज द्यायचे, शेकडा चोवीस-पंचवीस व्याजाने! कंटिंजंटच्या फौजेचा पगारही ही पेढी आगाऊ भागवी. म्हणजे हिंगोलीच्या छावणीत ज्या बंद्या रुपयांवर नव्या संसाराची भांडी आली, ते रुपये निजामाच्या नावे व्याजाने चढत होते. पुढे नवा रेसिडेंट मेटकाफ आला, त्याने चौकशी लावली, आणि १८२४ साली पेढी बुडाली. फौजेच्या पगाराची थकबाकी काही बुडाली नाही. ती वाढत जाऊन १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. तारण किती घ्यावे, हे साहेबाकडून शिकावे. आम्ही ट्रॅक्टर जप्त करायला गेलो तर गावकरी चहा पाजून परत पाठवतात.

ह्या धाकट्या पामरची मुलगी मेरी. तिच्याशी लग्न केले निजामाच्या फौजेतल्या मेडोज टेलर नावाच्या तरुण अधिकाऱ्याने. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही १८३९ ची कादंबरी लिहिणारा तो हाच. फैजबक्ष बेगमेची ही नात. आजीचे लग्न वहीबाहेर, नातीचे वहीत. दोन पिढ्यांत एवढा फरक पडला.

टेलरचे नाव निघालेच आहे, तर हिंगोलीकरांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट सांगून टाकतो. लग्नाशी तिचा संबंध नाही, कागदाशी आहे. टेलरने आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरीसिंगाची हकिगत दिली आहे. हा हरीसिंग छावणीच्या बाजारातला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरने त्याच्याकडून माल घेतलेला. ह्याने एकदा कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला, की मुंबईहून माझे कापड येते आहे, परवाना द्यावा. परवाना मिळाला. कापड येतच होते, पण ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचे. हरीसिंगाने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि हाकणाऱ्यांना गळफास देऊन मारले, आणि तो माल सरकारी परवान्यावर राजरोस हिंगोलीत आणून छावणीत विकला. तो त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता! छावणीच्या बाजारातच त्याने माणसे मारून पुरली होती, आणि ती उकरून काढताना टेलर तिथे हजर होता. हरीसिंगाचे कागदपत्र अगदी पुरे होते. अर्ज, परवाना, सही, शिक्का. आज तो आमच्या शाखेत आला असता तर त्याला कॅश-क्रेडिट मंजूर व्हायला आठ दिवस लागले नसते.

आणि ज्यांच्याजवळ एकही कागद नव्हता अशी आपली पणजोबा-पणजी मंडळी जन्मभर इमानाने नांदली.

तसे अगदीच काही नव्हते असे म्हणता येणार नाही. गावच्या काझीकडे सियाहा असे, म्हणजे निकाहाची नोंदवही. तीत नवरा, नवरी, वकील, साक्षीदार आणि मेहरची रक्कम. रकमेचा रकाना असलेली ती एकमेव वही, म्हणून माझी तिच्यावर विशेष मर्जी. निजामाचा अंमल म्हणजे सगळे उर्दूत. बाकीच्यांची लग्ने त्र्यंबकेश्वराच्या नाहीतर नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्यांतून डोकावतात. यात्रेला गेले की उपाध्ये विचारतात, गाव कोणते, आडनाव काय? आणि लाल बासनातून तुमचा खापरपणजा काढून समोर ठेवतात. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले दोन शब्दही कधी सापडतात. मुले कोण, नातवंडे कोण, सगळे बैजवार. बायकांची नावे मात्र कुठे आहेत, कुठे नाहीत. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांच्या फिल्मा अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेने काढून नेल्या आहेत. म्हणजे साहेबाचे लग्न लंडनात आणि आपले अमेरिकेत. हिंगोलीत राहून हिंगोलीचे काही शोधायचे नाही, असा नियमच दिसतो.

कोतवाल बुकाचे नाव सगळ्यांनी ऐकले असेल. गावच्या कोतवालाने त्यात जन्म आणि मृत्यू टिपायचे. जन्म आणि मृत्यू ह्यांच्या मधोमध माणसाचे जे काय होते, ते टिपायची काही सरकारची छाती झाली नाही. २०२३ नंतर मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा तहसिलीतली धूळ पहिल्यांदा उडाली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक जावयाचा मान मिळाला. आजोबांच्या नावापुढे एक शब्द आहे की नाही, ह्यावर नातवाचे शिक्षण आणि नोकरी ठरणार म्हटल्यावर माणसे काळजाचे पाणी करून त्या पानांकडे बघत होती. वही ही काय चीज आहे, ते तेव्हा कळले.

मग आपली खरी लग्नाची वही कोणती? माझ्या मते आहेराची.

मांडवाच्या दाराशी टेबल टाकून, डोक्यावर फेटा आणि हातात दोऱ्याने बांधलेले पेन घेऊन बसलेला तो दूरचा मामा आठवा. त्याच्यापुढची वही म्हणजे अस्सल दुहेरी नोंदपद्धती. अमक्याकडून एक्कावन्न. तमक्याकडून स्टीलचा डबा, झाकण सैल. ही वही वीस वर्षांनी माळ्यावरून खाली येते, कारण आता तमक्याच्या मुलीचे लग्न असते आणि किती फेडायचे, ते बघायचे असते. डब्याचे झाकण सैल होते, हेही विसरले जात नाही. एवढी काटेकोर वसुली आमच्या कोणत्याही शाखेत नाही. शिवाय आपल्याकडे ‘यादी’ आहे. देण्याघेण्याच्या अटी कागदावर लिहायच्या, त्याला हळदकुंकू लावायचे आणि थोरांनी सह्या ठोकायच्या. खर्च वाचवायला त्याच मांडवात लग्नही उरकले, तर त्याला म्हणतात ‘यादीपे शादी’. यादीत सगळे असते, फक्त नवऱ्या मुलीचे म्हणणे नसते.

आणि तिसरी नोंद भांड्यांवरची. माझ्या ह्या म्हणण्यावर कोणी हसेल, म्हणून एक प्रसंग सांगतो.

मी तेव्हा ज्या शाखेत होतो तिथे सेनगावकडच्या एक मावशी आल्या. नवरा वारलेला. त्याच्या खात्यात अकरा हजार आणि काही. वारसाचे नाव लावलेले नाही. मावशींच्या आधारकार्डावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरी ठेवलेले.

“मावशी, लग्नाचा काही पुरावा?”

“पुरावा? पाच लेकरं हायेत की. दोन भायेर हुभी हायेत, बोलवू?”

“तसा नाही, कागद पाहिजे. लग्नाचा.”

“भाऊ, मपलं लगीन बहात्तरच्या दुष्काळात झालं. खायाला सुकडी मिळंना, कागद कोन देतंय?”

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. पदराखाली काहीतरी मोठे झाकलेले. काउंटरवर त्यांनी एक पितळी परात ठेवली. मामाने लग्नात दिलेली. काठावर टाचणीने टिंबटिंब करून कोरलेले. मामाचे नाव आणि गाव, भाचीचे माहेरचे नाव, जावयाचे पूर्ण नाव, आणि तारीख. दुष्काळात सासूने घरातली बाकी सगळी भांडी मोडीत घातली होती, ही एवढी राहिली. मी चष्मा पुसून वाचले. आमच्या रजिस्टरात जे जे पाहिजे ते सगळे त्या परातीवर होते, आणि शाई पुसट व्हायची भीती नाही. मी ती उचलून साहेबांकडे नेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी परिपत्रक काढले, स्वीकारार्ह कागदपत्रांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि म्हणाले, “परात बसत नाही हो.” मग ग्रामपंचायतीचा दाखला, शंभराचा स्टॅम्प, दोन जामीन, हमीपत्र. चार महिने. मावशी दर खेपेला एसटीने यायच्या, आणि चौथ्या खेपेला मला म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या बँकेपरीस दुष्काळ बरा, त्यो एका सालात सरला.”

कायदा नव्हता असे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नोंदणीची सोय होती, पण नोंदणी नसली म्हणून लग्न रद्द होत नाही, हेही त्यातच लिहिलेले. मग कोण जातो तिकडे? मुंबई राज्याचा १९५३ चा विवाह नोंदणीचा कायदा होता. पण तेव्हा हिंगोली मुंबईकडे नव्हतीच, १९५६ पर्यंत ती हैदराबादकडे होती. पुढे महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा १९९९ साली अमलात आला, आणि त्याच साली, १ मे रोजी, परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे आमचा जिल्हा आणि लग्नाची नोंद एकाच वयाची. शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितले, की कुठल्याही धर्माचे लग्न असो, नोंद सक्तीची करा. हा निकाल लागला २००६ साली, १४ फेब्रुवारीला! ह्या दिवशी पोरे गुलाब घेऊन फिरतात. न्यायमूर्तींना विनोदाचे अंग नसते, असे म्हणणाऱ्यांनी ही तारीख तपासावी.

साहेबाच्या वहीचेही सांगायचे राहिले. १८३७ पासून इंग्लंडात लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याच्या बापाचे नाव आणि धंदा, नवरीच्या बापाचे नाव आणि धंदा असे रकाने होते. आईला रकानाच नव्हता. तो आला ४ मे २०२१ ला. दोन कुलपांची पेटी केल्यापासून आईचे नाव त्यात जायला ४८३ वर्षे लागली. आपल्या सरकारने २०२४ च्या १ मे पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव आधी आणि बापाचे नंतर, असे केले. हिंगोलीत जन्मलेले एखादे लेकरू सन २०५० साली लग्नाला उभे राहील, तेव्हा पत्रिका छापणारा पहिल्यांदा गोंधळेल.

माझ्या स्वतःच्या लग्नाची नोंद आम्ही लग्नानंतर एकोणीस वर्षांनी केली. कन्येच्या कसल्याशा अर्जाला आईबापांचा विवाह दाखला लागत होता. लग्नपत्रिका सापडली ती रव्याच्या डब्याच्या तळाशी. लग्न लावणारे गुरुजी सापडले ते एका प्लॉटिंगच्या धंद्यात. साक्षीदार तीन पाहिजेत; दोन मिळाले, तिसरा लग्नात रुसून गेला होता, त्याची समजूत ह्या निमित्ताने काढावी लागली. सगळे घेऊन नगर परिषदेत गेलो. फॉर्म भरता भरता सौभाग्यवती एका रकान्यापाशी थांबली. ‘पत्नीचे विवाहापूर्वीचे संपूर्ण नाव.’ तिने ते सावकाश लिहिले. पहिल्याच अक्षराला पेन थोडे अडले. मग खाली सही केली, आणि ती मला कधीच न दिसलेली सही होती. गोलसर, शेवटी एक छोटी वेलांटी. मी सवयीने आधीच्या पानावरची सही काढून शेजारी धरली.

“अगं, ह्या दोन सह्या जुळत नाहीत.”

“नाहीच जुळणार,” ती म्हणाली, “ही माझी आहे. ती तुमच्या खात्यात दुसरी धारक म्हणून करते ती.”

पलीकडचा कारकून तरुण होता. त्याने मान खाली घालून दोन्ही सह्यांवर शिक्का मारला, आणि पावतीसाठी माझा हात पुढे होण्याच्या आधीच पावती फाडून तिच्या हातात दिली.